वाचनालयातल्या सहा जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट: कामाच्या नोंदी

शनिवार, २० सप्टेंबर २०२५

सदाशिव पेठेतलं वाचनालय, वरच्या मजल्यावर अभ्यासिका. एकूण सात संगणक. चार डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय-३ चे, प्रत्येकी ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क. एक लॅपटॉप, एक कोअर टू ड्युओ, आणि सातवा हिशेबाचा.

१४ ऑक्टोबरला विंडोज १० चा मोफत आधार संपतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे यातला एकही संगणक त्यात बसत नाही. सात नवे घ्यायला वाचनालयाकडे पैसे नाहीत.

म्हणून विंडोजऐवजी मोफत लिनक्स मिंट २२.२ 'झारा' निवडलं, सिनॅमन हा डेस्कटॉप असलेली आवृत्ती. पाया उबंटू २४.०४ चा, म्हणजे २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट. खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. अभ्यासिकेत येणाऱ्याला नव्याने काही शिकवावं लागत नाही, हे आमच्यासाठी सगळ्यात मोठं कारण.

हिशेबाचा संगणक या कामातून पहिल्याच दिवशी बाहेर काढला. त्यावर टॅली आहे आणि ती विंडोजवरची वस्तू आहे. वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायच्या खटाटोपात ऑडिटच्या तोंडावर कोणी पडू नये. त्याची नेटची केबल काढली, बॅकअप पेनड्राइव्हवर. तो तसाच राहील.

रविवार, २१ सप्टेंबर

आजचा दिवस फक्त बॅकअपचा. मिंटच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, सुरू करून डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा असं ठरलं होतं. पेनड्राइव्ह व्हेंटॉयने बनवला. त्याचा फायदा असा की आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची अख्खी फाइल, नुसती कॉपी करायची. सिनॅमन, एक्सएफसीई (मिंटची हलकी आवृत्ती) आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) तिन्ही एकाच १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसले. आयएसओ जवळपास ३ जीबीची आहे. डाउनलोडनंतर शा-२५६ बेरीज साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहिली. हे टाळू नका, अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते.

पहिल्या संगणकावर बाहेरची डिस्क दिसली, पण तिच्यावर काही लिहिता येईना, 'रीड-ओन्ली'. तासभर केबल बदलण्यात गेला. कारण वेगळंच निघालं: आदल्या दिवशी ही डिस्क जोडलेली असतानाच विंडोज बंद केलं होतं आणि त्यात 'फास्ट स्टार्टअप' चालू होतं. अशा वेळी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि एनटीएफएस डिस्कवर 'अजून वापरात' अशी खूण राहते. लिनक्स ती खूण मानतं आणि लिहायला नकार देतं, ते बरोबरच आहे. उपाय: डिस्क जोडून परत विंडोज सुरू करा, शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

सगळा मिळून डेटा ६२ जीबी निघाला. तिसऱ्या संगणकाची कॉपी मध्येच अडकत होती. मिंटमधल्या 'डिस्क्स' प्रोग्रॅममध्ये स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, उघडली तर 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणाऱ्या जागा) शून्याच्या वर. ती हार्डडिस्क जायच्या वाटेवर आहे. आज कॉपी झाली हे नशीब.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पाच एसएसडी आणल्या, २४० जीबीच्या, तपकीर गल्लीतून, प्रत्येकी १,५५० रुपये. अडीच इंची एसएसडी डेस्कटॉपच्या साडेतीन इंची खणात बसत नाही. ब्रॅकेट न घेता एका बाजूला दोन स्क्रू आवळले. तिला वजन नाही, हलणारा भाग नाही, त्यामुळे चालतं.

इन्स्टॉल करण्याआधी जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवली. 'पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय निवडताना समोर एकच डिस्क दिसली पाहिजे, म्हणजे चूक व्हायला वावच राहत नाही.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, दोन गोष्टी आधी बघा. साटा मोड 'एएचसीआय' हवा. आमच्या दोन संगणकांवर तो 'आयडीई' होता. आयडीईवरही मिंट चालतं, पण एसएसडीला तिचा पूर्ण वेग मिळत नाही. आणि बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लिहिलेला. दुसरा निवडा. दुसऱ्या संगणकावर घाईत नुसता निवडला होता, तो नंतर पुन्हा करावा लागला.

पहिल्या संगणकावर फाइल कॉपी होत असताना, पट्टी साधारण दोन तृतीयांश भरली असेल, वीज गेली. गुरुवार दुपार. हे लक्षात ठेवायला हवं होतं, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारीच जाते. अर्धवट इन्स्टॉलेशन दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही, संध्याकाळी पहिल्यापासून केलं. पेनड्राइव्हवरून एसएसडीवर २२ ते २५ मिनिटं लागतात. 'मल्टिमीडिया कोडेक' ची खूण आठवणीने करा, नाहीतर व्हिडिओ चालत नाहीत अशी तक्रार दुसऱ्या दिवशी येते.

शनिवार, २७ सप्टेंबर

४ जीबीवर सिनॅमन चालतं. रिकाम्या डेस्कटॉपला आमच्याकडे १ जीबीच्या थोडं वर रॅम लागली. पण फायरफॉक्समध्ये दहा टॅब आणि एक मोठी पीडीएफ उघडली की संगणक स्वॅपवर जातो, म्हणजे रॅम संपून डिस्क वापरतो आणि मंदावतो. म्हणून प्रत्येक डेस्कटॉपला आणखी ४ जीबीची डीडीआर-३ स्टिक.

चार स्टिक प्रत्येकी ३२५ रुपयांना, स्वस्त मिळाल्या म्हणून घेतल्या. चारही संगणकांवर पडदा काळा, नुसत्या बीप. आधी वाटलं स्लॉट घाण आहेत. स्टिकचे सोनेरी दात खोडरबराने घासले, स्लॉट ब्रशने साफ केले, एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये फिरवून पाहिली. अडीच तास गेले. मग वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचली: 'एएमडी बोर्डसाठी'. अशा स्टिकवर ४-बिट रुंदीच्या चिप असतात आणि इंटेलचे डेस्कटॉप चिपसेट त्या ओळखत नाहीत. स्टिक खराब नव्हत्या, चुकीच्या होत्या. दुकानदाराने बदलून दिल्या, वर प्रत्येकी १२५ रुपये. शेवटी ४५० ला एक पडली. जुनी डीडीआर-३ घेताना दुकानातच 'इंटेलला चालेल ना?' एवढं विचारा.

नव्या स्टिक बसल्यावर मेमटेस्टची एक पूर्ण फेरी चालवली. सेकंडहँड रॅमला हे करायलाच हवं. चारही शुद्ध निघाल्या.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. काम नाही. ग्रंथपाल ताईंनी सातही संगणकांना हळद-कुंकू लावून झेंडूची फुलं वाहिली, कोअर टू ड्युओलासुद्धा.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दुसऱ्या संगणकावर अपडेट होईना. अपडेट मॅनेजर म्हणतो रिलीज फाइल 'अजून वैध नाही'. फायरफॉक्स प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतोय. नेट चालू, पिंग जातंय. अशी दोन लक्षणं एकत्र दिसली की आधी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख बरीच मागची होती. बोर्डवरची सीआर-२०३२ बॅटरी मेलेली, वीज गेली की घड्याळ मूळपदावर. सर्टिफिकेटं आणि पॅकेजच्या याद्या तारखेवर तपासल्या जातात, म्हणून सगळंच नाकारलं जातं. एरवी नेट मिळाल्यावर घड्याळ आपोआप जुळतं, इथे नेटची केबल इन्स्टॉलेशननंतर जोडली होती आणि जुळायच्या आतच अपडेट सुरू केलं. बॅटरी ४० रुपयांची. चारही डेस्कटॉपच्या बदलून टाकल्या. बॅटरी बदलली की बायोस मूळ सेटिंगला जातो, एएचसीआय पुन्हा तपासा. आमच्या एकाचं परत आयडीई झालं होतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

लॅपटॉप. यात ब्रॉडकॉमची वायफाय चिप आहे, तिचा ड्रायव्हर मिंटमध्ये आधीपासून चालू नसतो. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर. सोपी वाट: अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनवर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मिंट त्याला लगेच तारेचं नेट समजतं. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवडा.

इथे दुसरी अडचण आली. लॅपटॉपवर सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू आहे. ड्रायव्हर बसवताना मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो. आम्ही पाणी प्यायला उठलो आणि तो निघून गेला. परिणाम: ड्रायव्हर बसलेला दिसतो, वायफाय मात्र नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला, रीस्टार्टला समोर बसून राहिलो, झालं. सिक्युअर बूट बंद करून टाकणं हाही मार्ग आहे, पण लॅपटॉप बाहेर नेला जातो, म्हणून चालूच ठेवलं.

शनिवार-रविवार, ११ आणि १२ ऑक्टोबर

मराठी. इथे दोन पूर्ण दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते. वाचनालयाची पत्रं, सूचना, वर्गणीच्या पावत्या सगळं मराठीत आहे. मराठी नीट उमटत नसेल तर बाकी सगळं चालून उपयोग नाही.

आधी सिस्टिमची भाषाच मराठी निवडून पाहिली. मेनू अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी आला, कारण भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही. एकाच खिडकीत दोन भाषा वाचणं जास्त अवघड जातं. भाषा इंग्रजी (भारत) ठेवली, मराठीचा भर टंकलेखनावर दिला.

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयबस' आणि 'आयबस-एम१७एन' ही वेगवेगळ्या भाषा टंकायची साधनं बसवा. मग 'इनपुट मेथड' उघडून 'फ्रेमवर्क' मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या. ही पायरी सुटली की आयबस बसलेलं असूनही कळफलक बदलत नाही. त्यानंतर आयबसच्या सेटिंगमध्ये मराठीखाली बरेच कळफलक दिसतात. आम्ही तीन ठेवले: इनस्क्रिप्ट-२, गमभन आणि रेमिंग्टन. टंकलेखनाची परीक्षा दिलेले रेमिंग्टन मागतात, बाकी तरुण मंडळी 'namaste' सारखं इंग्रजी कळांवर बडवून मराठी काढतात त्यांना गमभन. सुपर आणि स्पेस दाबलं की कळफलक बदलतो.

इनस्क्रिप्टवर एक गोष्ट प्रत्येकजण विचारतो: 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यातला अर्धा र. साधा र आणि हलन्त दिलं की रफार होतो आणि 'दुसर्या' असं काहीतरी पडतं. शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो. मग हलन्त, मग य. कागदावर लिहून प्रत्येक कळफलकाशेजारी चिकटवलं.

लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अशा वाटेने जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' ची भाषा मराठी करा. मूळ सेटिंगला हिंदी असते. हा फक्त शुद्धलेखन तपासण्याचा प्रश्न नाही. लोहित देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी भरलेली असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच ती उमटतात. सूचनाफलकावरचा ल हिंदी वळणाचा दिसला की इथले जुने वाचक लगेच बोट ठेवतात, आणि ठेवावंच.

आता जुन्या फाइली. २००५ ते २०१४ मधली बरीच पत्रं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी चिन्हं उघडी पडतात. वाचनालयाने पूर्वी विकत घेतलेल्या पॅकेजमधले फॉन्ट बॅकअपमध्ये सापडले, त्यांवर डबल-क्लिक करून बसवले, खिचडीचं मराठी झालं. छापण्यापुरतं एवढं पुरतं. पण त्या फॉन्टमध्ये नवं टंकायला त्याचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर लागतं, म्हणून नवं सगळं युनिकोडमध्ये, आणि जुन्यातली रोज लागणारी अकरा पत्रं हाताने पुन्हा टंकून घेतली. रूपांतराची साधनं वापरून पाहिली. जोडाक्षरं आणि रफार इतक्या ठिकाणी हलले की तपासायला टंकण्याहून जास्त वेळ लागला.

मंगल फॉन्टमधल्या वर्ड फाइली नीट उघडतात, पण मंगल मिंटवर नसल्याने दुसरा फॉन्ट येतो आणि ओळीची उंची बदलते. एका पानाची सूचना दीड पानाची होते. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

विंडोज १० चा आधार संपला. चार डेस्कटॉप आणि लॅपटॉप मिंटवर आहेत.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळीनंतर अभ्यासिका उघडली. एकाच खात्यावर सगळे बसले की एकाचं लॉगिन दुसऱ्याला दिसतं, त्यामुळे वाचकांसाठी पाहुणे खातं. 'लॉगिन विंडो' मध्ये युजर्स, तिथे 'अलाऊ गेस्ट सेशन्स'. लॉगआउट झालं की त्या खात्यातलं सगळं पुसलं जातं. एमपीएससीचा अर्ज भरून उठून गेलेल्याची कागदपत्रं मागे राहत नाहीत, हे फार महत्त्वाचं आहे.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी निघाल्या.

एक: पाहुण्याच्या खात्यात मराठी कळफलक नाही, कारण दर वेळी ते कोरं बनतं. ईटीसी फोल्डरमध्ये 'गेस्ट-सेशन' आणि त्यात 'स्केल' नावाचा फोल्डर रूट अधिकाराने बनवला, की त्यातलं सगळं नव्या पाहुण्याच्या घरात कॉपी होतं. आयबसची निवड आपल्या कॉन्फिग फोल्डरातल्या 'डीकॉन्फ' मधल्या 'युजर' या फाइलमध्ये असते, ती तिथे टाकली. तरी कळफलक आला नाही. कळफलकांची यादी पोचली होती, पण आयबस सुरूच होत नव्हतं. ते सुरू करायची आज्ञा घरातल्या टिंबाने सुरू होणाऱ्या 'एक्सइनपुटआरसी' या दुसऱ्याच लपलेल्या फाइलमध्ये असते. दोन्ही फाइली टाकल्यावर जमलं. संपूर्ण कॉन्फिग फोल्डर उचलून टाकू नका, त्यात ब्राउझरपासून सगळ्या खासगी खुणा जातात. फॉन्टही डबल-क्लिकने बसवले की फक्त एका खात्यापुरते बसतात. ते यूएसआर, लोकल, शेअर, फॉन्ट्स या वाटेवरच्या फोल्डरात हलवले.

दोन: एका मुलाने दुपारभर टिपणं काढून डेस्कटॉपवर ठेवली, चहाला जाताना लॉगआउट केलं, टिपणं गेली. परत आणता येत नाहीत. त्याची माफी मागितली. आता प्रत्येक मॉनिटरच्या खालच्या कडेला मोठ्या अक्षरांत पट्टी आहे: 'लॉगआउट केल्यावर फाइल राहणार नाही. पेनड्राइव्हवर घ्या.' 

तीन: पाहुण्याचं घर डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं, आणि साधारण निम्म्या रॅमपर्यंतच वाढू शकतं. लेक्चरचे व्हिडिओ उतरवले की 'जागा संपली' असा निरोप येतो आणि तोवर संगणक सुस्तावलेला असतो. २४० जीबीची डिस्क रिकामी असताना जागा कशी संपली हे कोणालाच कळत नव्हतं. ८ जीबीवर ४ जीबीपर्यंत मुभा मिळते, अभ्यासिकेला पुरते. रॅम वाढवली नसती तर हे खातं वापरता आलं नसतं. लॅपटॉप ४ जीबीचाच आहे, त्यावर पाहुणे खातं चालू केलेलं नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

प्रिंटर. एचपीचा जुना छोटा लेझर. मिंटने जोडल्याबरोबर ओळखला, रांगेत 'पूर्ण' दाखवलं, कागद मात्र हलला नाही. या जातीचा प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर (त्याला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) साठवत नाही, चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून घेतो, आणि ते फर्मवेअर वेगळ्या प्लगइनमध्ये असतं. सेटअप करताना प्लगइनचा प्रश्न आला होता, तो आम्हीच 'नंतर' म्हणून सोडला होता. टर्मिनलमध्ये 'एचपी-प्लगइन' चालवलं, नेटवरून प्लगइन उतरलं, प्रिंटर बंद-चालू केला, पान आलं. एचपीलिप (एचपी प्रिंटरचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) अपडेट झालं की प्लगइन पुन्हा घ्यावं लागतं. ही आज्ञा प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे.

स्कॅनरला काहीच करावं लागलं नाही, 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडून लगेच चालला.

शनिवार, १ नोव्हेंबर

सिस्टिमचे स्नॅपशॉट (मागे जाता येईल अशा प्रती) घेणारं टाइमशिफ्ट पाचही संगणकांवर लावलं, आठवड्याला एक, दोनच ठेवायचे. पहिला स्नॅपशॉट १३ जीबीच्या आसपास. यात घरातल्या फाइली येत नाहीत, फक्त सिस्टिम. कागदपत्रांचा बॅकअप वेगळा, तो शनिवारी ताई बाहेरच्या डिस्कवर घेतात. अपडेट मॅनेजरमध्ये 'ऑटोमेशन' चालू केलं, जुने कर्नल काढण्याचीही खूण केली.

कोअर टू ड्युओ राहिला होता. २ जीबी रॅम, एक्सएफसीई आवृत्ती टाकली. डेस्कटॉप झटपट उघडतो, पण आजच्या वेबसाइट त्याला पेलत नाहीत, तीन टॅबमध्ये गुदमरतो. डीडीआर-२ रॅम आणि एसएसडी घालून पैसे वाया घालवू नयेत असं ठरलं. तो खालच्या मजल्यावर, फक्त पुस्तकांच्या यादीत शोधायला. सकाळी चालू करताना फायरफॉक्स आपोआप त्याच पानावर उघडतो.

खर्च: एसएसडी ७,७५०, रॅम १,८००, चार बॅटऱ्या १६०, दोन साटा केबल १६०, थर्मल पेस्ट १२०, दोन पेनड्राइव्ह ६००. एकूण १०,५९० रुपये. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. वेळ साधारण ५२ तास, त्यात सहाही संगणकांचं मिंट टाकणं, वाया गेलेलं धरून, चार तासांचं.

बाकी: लॅपटॉपला ४ जीबीची आणखी एक स्टिक. चारही डेस्कटॉपना मिळून एक यूपीएस, गुरुवारसाठी.